संदर्भ हवा

दिवसा मी सांवेर रोडला
शेवेच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
बेसन, तेल, लवंग, ट्रकवाल्याचा चहा.
व्हाउचर नसेल तर चहासुद्धा धरत नाही.
रात्री अकरानंतर मात्र
एका व्हिडिओ गेमवरचा लेख लिहीत बसतो,
मराठीत, कुणालाही हात घालता येईल अशा ज्ञानकोशात.
मागच्या महिन्यात तो उघडला गेला अकरा वेळा.
त्यातले सात वेळा मीच.

खेळाचं नाव 'नाइट फेरी'.
जेल रोडवरून आणलेली पिवळी कॅसेट,
वर चित्र भलत्याच खेळाचं.
एक नावाडी, एक कंदील, आठ नद्या.
एवढ्यावर आमच्या दोन उन्हाळी सुट्ट्या निघाल्या.

मी लिहिलं: खेळाडू तीन जीव घेऊन सुरुवात करतो.
सकाळी पाहतो तर दुरुस्ती:
खेळाडूकडे सुरुवातीला तीन जीव असतात.
खाली कारण दिलेलं: जीव घेत नाही हो, नावाडी आहे तो.
सही: बोरकूट.

बाई की बुवा, ठाऊक नाही.
कुठलं गाव, ठाऊक नाही.
लेव्हलला मी पातळी म्हटलं,
तर बोरकूटचं म्हणणं, नद्यांच्या खेळात
पातळी पाण्याची, टप्पा लिहा.
तीन दिवस जुंपली.
शेवटी दोघांनीही सोडून दिलं आणि नुसतं
पहिली नदी, दुसरी नदी असं ठेवलं.
हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे.
मी लिहून जायचो 'कंदील विझून राहिला',
आमची इंदुरी सवय;
बोरकूट न बोलता 'विझत आहे' करून ठेवी,
उंबऱ्यातून निघताना कुणी आपली
कॉलर सरळ करावी तसं.

मग आठवी नदी.
मी लिहिलं: इथे काहीही न दाबता थांबल्यास
पाणी ओसरते
आणि नावाडी कंदील हातात घेऊन चालत पलीकडे जातो.
दहा मिनिटांत ओळ गेली.
संदर्भ हवा.

संदर्भ म्हणजे शलाकाताई.
आठव्या नदीत तिचा शेवटचा जीव होता
आणि गॅसवर दूध.
ते उतू गेलं, ती रिमोट टाकून धावली.
मी हात लावायचा नाही अशी शपथ होती,
म्हणून मी नुसता बघत बसलो.
कंदिलाभोवतीचं निळं
एकेक चौकोन कमी होत गेलं.
खालून वाळू निघाली.
ओरडलो. ती ओल्या फडक्यासकट आली.
रामबागेतल्या त्या खोलीत आम्ही दोघं
आणि पडद्यावर एक माणूस, पाण्याशिवाय.

ताईला फोन लावला, मस्कतला.
"कुठला गेम रे?" म्हणाली.
"दूध मात्र तूच उतू घालवायचास."

आता हे कुठल्या तळटीपेत बसवू?
मी स्वतः असं व्हाउचर फाडून टाकलं असतं.
बोरकूटचं चूक नाही, असं लिहिलं,
ओळ परत घातली नाही,
आणि मार्चअखेरीच्या खात्यांत बुडालो.

एप्रिलात पाहिलं.
ओळ जागेवर नव्हतीच.
पण चर्चेच्या पानावर, रात्री पावणेतीनची वेळ:
'जुनी कॅसेट मिळवली.
चार रात्री प्रयत्न केला. नदी हलत नाही.
लेखात घालता येणार नाही, ते राहू द्या.
पण नक्की थांबायचं किती?'

बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मिनिटं मोजली नव्हती कुणी.
मग जे माहीत होतं तेच लिहिलं:
दूध उतू जाऊन
ओटा पुसून होईपर्यंत.
अर्धा लिटर.
पिशवी सांचीची.